तबकडीवर न छापलेली नावे



बिग बँड, जॅझ, अमेरिकेतल्या वादकांची चरित्रे हा विषय पेरुंगुडीत, जुन्या महाबलीपुरम रस्त्याच्या कडेला, मराठी श्रोत्यांपुढे मांडायचे प्रयोजन काय, असा प्रश्न पत्रिका वाचून काहींना पडला असेल. प्रयोजन आहे, आणि त्याची सुरुवात तमिळ भूमीतच होते. १९४० साली ‘जयक्कोडी’ आणि १९४१ साली ‘वनमोहिनी’ हे दोन तमिळ चित्रपट आले. दोन्हींचे दिग्दर्शक भगवान आबाजी पालव, म्हणजे आपले भगवानदादा. संगीतकार म्हणून पहिली संधी मिळालेले गृहस्थ होते पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, आपले अण्णा. पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेले आणि मिनर्व्हा मूव्हिटोनमध्ये पेटी वाजवून पोट भरणारे हे तरुण संगीतकार झाले ते तमिळ बोलपटांत. त्यानंतर दहा वर्षांनी, १९५१ साली, याच दोघांनी ‘अलबेला’ केला. त्या दहा वर्षांच्या मध्ये कुठे तरी मुंबईच्या हॉटेलांतल्या नाचघरांचा वाद्यवृंद एका मराठी माणसाच्या चालींना येऊन मिळाला. आज मला त्या मिळण्याविषयी बोलायचे आहे. मुंबईत साधारण १९३५ ते १९६० या काळात जे बिग बँड वाजत होते त्यांची ध्वनिमुद्रणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली, असे जॅझचे रसिक हळहळून सांगतात. माझे म्हणणे वेगळे आहे. ती ध्वनिमुद्रणे विपुल उरली आहेत, आपल्या घराघरांत आहेत, लग्नाच्या वरातीत वाजतात, भेंड्यांत म्हटली जातात. ती हिंदी चित्रपटगीतांच्या तबकड्यांवर आहेत. आपण ती ऐकतो, पण बिग बँड म्हणून ऐकत नाही. का ऐकत नाही? कारण वाजवणाऱ्याचे नाव तबकडीवर छापले गेले नाही, आणि त्याचे चरित्र कोणी लिहिले नाही.

बँड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वरातीपुढचा लाल कोटातला बँडबाजा येतो. म्हणून बिग बँड म्हणजे काय ते आधी दोन शब्दांत सांगतो. चारपाच सॅक्सोफोन, तीनचार ट्रम्पेट, दोनतीन ट्रॉम्बोन, आणि पियानो, गिटार, बास व ड्रम यांचा तालविभाग, अशी पंधरा-सोळा माणसांची मांडणी. त्यातले सॅक्सोफोन एक गट म्हणून बोलतात, ट्रम्पेट एक गट म्हणून. एका गटाने वाक्य टाकायचे, दुसऱ्याने ते झेलायचे. मराठी माणसाला हे परके वाटायचे कारण नाही. पोवाड्यात शाहीर ओळ टाकतो आणि झीलकरी ती उचलून वर नेतात. कीर्तनात बुवा मागे वळतात आणि टाळकरी ध्रुपद धरतात. झीलकरी नसेल तर पोवाडा पडतो. पण झीलकऱ्याचे नाव कोणाला माहीत असते? बिग बँडची कला सगळी या झीलकऱ्यांची कला आहे. कोणत्या गटाने काय वाजवायचे हे आधी कागदावर लिहून ठेवणारा जो असतो, त्याला आपल्याकडे अरेंजर म्हणतात, मराठीत संगीत संयोजक. थोडक्यात, ज्या कलेत सगळे ओझे मागच्या रांगेतली माणसे उचलतात तिची आठवण आपण पुढच्या एका माणसाच्या नावाने ठेवतो. हे अमेरिकेतही झाले. आपल्याकडे ते कितीतरी पटींनी जास्त झाले.

अमेरिकेतली ही चूक सुधारायला सुरुवात कोणी केली? विद्यापीठांनी नाही. रसिकांनी केली. शार्ल दलोने नावाच्या फ्रेंच तरुणाने १९३६ साली पॅरिसमध्ये ‘हॉट डिस्कोग्राफी’ नावाचे पुस्तक काढले. कोणत्या तबकडीवर कोणत्या दिवशी कोण वाजवत होते, याची ती यादी होती. कंपन्यांच्या लेबलांवर बँडच्या मुख्याचे नाव असे, वादकांची नसत. मग ती नावे आली कुठून? तबकडी पुन्हा पुन्हा ऐकून, दुसऱ्या तबकडीशी ताडून, वादकांना विचारून, रसिकांनी आपसांत वाद घालून. हा ट्रम्पेट अमक्याचा, कारण वरच्या सुरावर जाताना तो असाच थरथरतो. नाही, हा तमक्याचा, कारण त्या महिन्यात पहिला त्या बँडमध्ये नव्हता. ज्याला आपण चहाच्या टेबलावरची हौस समजतो ती इथे पुरावा म्हणून उभी राहिली. आपल्याकडच्या गाण्याच्या बैठकीत ‘ही जागा अमक्या घराण्याची’ असे कोणी म्हणतो तेव्हा तोही हेच करत असतो. रसिकाचे मत ही एक साक्ष असते. अर्थात साक्ष म्हटली की उलटतपासणी आली, आणि तिच्याबद्दल मी पुढे बोलणार आहे.

लेबलही खोटी साक्ष देते, हे या लोकांनीच दाखवले. ड्यूक एलिंग्टनची १९२७ सालची ‘क्रिओल लव्ह कॉल’ ही तबकडी घ्या. रचनेच्या श्रेयात एलिंग्टनबरोबर रूडी जॅक्सन या क्लॅरिनेटवादकाचे नाव आहे, कारण चाल आपली म्हणून त्यानेच आणली होती. पण किंग ऑलिव्हरची १९२३ सालची ‘कॅम्प मीटिंग ब्लूज’ ऐकली की ती चाल तिथे आधीच हजर असते. दोन तबकड्या शेजारी ठेवल्या आणि सत्य बाहेर आले. जॅक्सन एलिंग्टनकडून गेला, त्याच्या खुर्चीवर बार्नी बिगार्ड आला, आणि अमेरिकन चरित्रांतून जॅक्सन जवळजवळ नाहीसा होतो. तो गेला कुठे? तो आपल्याकडे आला. तिशीच्या दशकात हाच रूडी जॅक्सन हिंदुस्थानातल्या बँडांत वाजवत होता. एका देशाच्या चरित्रग्रंथात जो माणूस तळटीप होऊन संपतो, तो दुसऱ्या देशातल्या कथेचे पहिले पान असू शकतो.

आता त्या कथेकडे येऊ, कारण खरा ऐवज इथे आहे. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी हा कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्या मागोमाग ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आला. १९३६ साली त्याच्या बँडने ताजमहालच्याच नावाचा एक फॉक्सट्रॉट मुंबईत मुद्रित केला. नरेश फर्नांडिस यांनी २०१२ साली मुंबईच्या जॅझवर जे पुस्तक लिहिले, त्याचे नाव याच तबकडीवरून आले. मग टेडी वेदरफर्ड. १९२६ साली शिकागोत अर्स्किन टेटच्या वाद्यवृंदात लुई आर्मस्ट्राँगच्या जोडीने ज्याने पियानो मुद्रित केला, तो हा माणूस आशियात आला तो आलाच. शांघाय, मुंबई, मग कलकत्ता. १९४५ साली कलकत्त्यात पटकीने त्याचा अंत झाला. या लोकांना मुंबईत शेजारी मिळाले ते गोव्याचे. गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवण्याची जुनी परंपरा होती. हळदोण्याचा किंवा माजोर्ड्याचा मुलगा मुंबईत धोबीतलावच्या आपल्या गावच्या कुडीत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक बिऱ्हाडात, ट्रंक टाकून राही तेव्हा त्याच्याजवळ पैसा नसे, ओळख नसे, पण लिहिलेले संगीत पाहताक्षणी वाजवण्याची विद्या असे. ताजमध्ये मिकी कोरिया यांचा बँड १९३९ पासून पुढची वीसएक वर्षे चालला. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड त्यात ट्रम्पेट वाजवत. हळदोण्याचे अंतोनिओ झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने असे गाजले की लोक त्यांना हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणू लागले. लाहोरमध्ये बँड चालवणारे सेबॅस्टियन डिसोझा फाळणीने उखडले जाऊन मुंबईला आले.

इथे एक योगायोग ध्यानात घ्या. १९४६ च्या डिसेंबरात अमेरिकेत बेनी गुडमन, वुडी हर्मन, हॅरी जेम्स, टॉमी डॉर्सी यांच्यासारख्यांनी आपापले बँड मोडले. खर्च परवडेना, नाचघरे ओस पडू लागली, गायक एकट्याने पुढे आले. जॅझचे इतिहास बिग बँडचा जमाना तिथे संपला असे सांगतात. मुंबईतही काही वर्षांत तेच संकट आले. ब्रिटिश गेले, गोरे गिऱ्हाईक गेले, आणि १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हॉटेलांतल्या रात्री कोरड्या झाल्या. पण मुंबईतल्या वादकांना दुसरे घर सापडले. दादर, अंधेरी, ताडदेवच्या स्टुडिओंत. तिथे संगीतकार चाल बांधत होते आणि त्यांना मोठा वाद्यवृंद हवा होता. मोठ्या वाद्यवृंदाला लिहिलेला कागद लागतो. आणि कागद लिहिता-वाचता येणारी माणसे रोजगार शोधत होती. ज्या वर्षांत अमेरिकेत बिग बँड मोडत होता त्याच वर्षांत मुंबईत तो गाण्याच्या आत शिरत होता. जगातल्या बिग बँडचा इतिहास लिहिताना हे दालन मोजले जात नाही. याला अमेरिकन लेखकांची उपेक्षा जितकी कारण आहे, त्याहून जास्त आपण कारण आहोत.

का आपण? सी. रामचंद्र यांचे उदाहरण घेऊन सांगतो. अण्णांचे नाव निघाले की मराठी रसिक काय आठवतो? १९५३ चा ‘अनारकली’. २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीत लताबाईंनी गायलेले आणि सगळा देश ज्याने हलला ते गीत. हळवी, मधुर, रागाच्या आधारावर उभी असलेली चाल. ही आठवण खरी आहे आणि त्या चालींची थोरवी मी तसूभरही कमी करत नाही. पण याच अण्णांनी १९४७ च्या ‘शहनाई’मध्ये शीळ, गिटार आणि माउथ ऑर्गन यांची जी चैन केली, १९४९ च्या ‘पतंगा’त आणि १९५७ च्या ‘आशा’त जे केले, त्याला आपण काय म्हणतो? उडती गाणी. थिल्लर गाणी. पोरासोरांची गाणी. आपल्या मतांची ही उतरंड पाहा: चाल वर, वाद्यवृंद खाली, सारंगी वर, सॅक्सोफोन खाली. ‘अलबेला’तल्या ‘शोला जो भडके’त बोंगोच्या ठेक्यावर ट्रम्पेट, क्लॅरिनेट, ओबो आणि सॅक्सोफोन एकत्र येतात. ते एकमेकांत मिसळूनही वेगळे ऐकू येतात, कारण त्यांना लिहिणाऱ्याला प्रत्येकाची जागा ठाऊक होती. चिक चॉकलेट अण्णांचे साहाय्यक होते. ‘अलबेला’च्या पडद्यावर ते आपल्या बँडसह दिसतात. म्हणजे तबकडीवर नाव नाही, पण चेहरा पडद्यावर आहे! तरीही सत्तर वर्षे आपण भगवानदादांच्या पायांकडे पाहिले, गीता बालीच्या डोळ्यांकडे पाहिले, आणि ट्रम्पेट धरलेल्या त्या माणसाला नेपथ्य समजलो. ‘अलबेला’च्याच वर्षी ‘नादान’ चित्रपटाला त्याने स्वतः संगीत दिले, हेही किती जणांना माहीत आहे?

नाव न छापण्याचा हा रोग गायकांनाही होता, हे इथे सांगितले पाहिजे. १९४९ च्या ‘महल’मधल्या लताबाईंच्या सर्वांत गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून छापले होते ‘कामिनी’. ते चित्रपटातल्या पात्राचे नाव. लोकांनी रेडिओकडे पत्रे पाठवून विचारले, गाते कोण? आणि श्रोत्यांच्या त्या विचारण्याने नाव पुढे आले. म्हणजे श्रोत्यांच्या हट्टाने लेबल बदलते, याचा पुरावा आपल्याच घरात आहे. गाते कोण हे आपण विचारले. वाजवते कोण हे आपण कधीच विचारले नाही.

आता चरित्रांकडे वळतो. ध्वनिमुद्रण आणि चरित्र हे दोन साक्षीदार आहेत, आणि दोघेही अर्धेच बोलतात. तबकडी खोटे बोलत नाही पण नाव सांगत नाही. चरित्र नावे सांगते पण स्वतःच्या सोयीने. एलिंग्टनने १९७३ साली आपले आत्मचरित्र दिले. सगळ्यांविषयी गोड बोलणारे, कोणालाही न दुखावणारे पुस्तक आहे ते. त्यात बिली स्ट्रेहॉर्न या त्याच्या जोडीदाराविषयी भरभरून प्रेम आहे. पण कोणती रचना नेमकी कोणाची, याचा हिशेब मिळत नाही. स्ट्रेहॉर्न १९६७ साली गेला. त्याचे सविस्तर चरित्र डेव्हिड हाजडू यांनी १९९६ साली लिहिले, आणि त्यानंतर हस्तलिखिते एकेक करून तपासली गेली तेव्हा कळू लागले की ज्या पानांना आपण एलिंग्टनची म्हणत होतो त्यांपैकी कितीतरी स्ट्रेहॉर्नच्या हातची आहेत. एक उदाहरण तर आपल्या भागाशी जोडलेले आहे. १९६३ साली अमेरिकन सरकारने एलिंग्टनचा बँड पूर्वेच्या दौऱ्यावर धाडला. दिल्ली, हैदराबाद, बंगळूर, मद्रास, मुंबई, कलकत्ता असे त्याचे मुक्काम झाले; पुढे नोव्हेंबरात केनेडींची हत्या झाल्यावर दौरा आवरता घेतला गेला. या प्रवासाची फलश्रुती म्हणून ‘फार ईस्ट स्वीट’ ही तबकडी निघाली, आणि तिच्यातला सर्वांत सुंदर तुकडा ‘इस्फहान’ हे त्या इराणी शहराचे चित्र आहे असे सगळे मानत आले. हस्तलिखितांनी दाखवले की स्ट्रेहॉर्नने तो दौऱ्याच्या आधीच, ‘एल्फ’ या नावाने लिहून ठेवला होता. तुकड्याचे सौंदर्य यामुळे कमी झाले का? मुळीच नाही. पण त्याच्यावर चढवलेली प्रवासवर्णनाची शाल गळून पडली, आणि आपण स्वर ऐकू लागलो.

आपल्याकडे अण्णांनी ‘माझ्या जीवनाची सरगम’ लिहिली. ते मराठीतल्या फार थोड्या मोकळ्या आत्मचरित्रांपैकी एक आहे, आणि माणूस म्हणून अण्णा कसे होते हे जाणून घ्यायला त्याच्यासारखे दुसरे साधन नाही. पण संगीतकाराचे आत्मचरित्र हे, कितीही प्रामाणिक असले तरी, पुढच्या रांगेतून लिहिलेले असते. ट्रम्पेटच्या खुर्चीवरून स्टुडिओ कसा दिसत होता हे त्यात येऊ शकत नाही. मागच्या रांगेतून लिहिणारे मराठीत झाले, हे आपले भाग्य: व्हायोलिनवादक प्रभाकर जोगांचे ‘स्वर आले जुळुनी’. गीतरामायणाच्या १९५५ च्या ध्वनिमुद्रणांपासून बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडके यांच्या, मागे बसलेला माणूस जेव्हा लिहितो, तेव्हा तीच गाणी दुसऱ्या बाजूने ऐकू येतात. असे चिक चॉकलेटचे पुस्तक कुठे आहे? सेबॅस्टियन डिसोझांचे? फ्रँक फर्नांड यांच्याबद्दल कोकणी रसिक निदान ‘आमचें नशीब’ आणि ‘निर्मोण’ या चित्रपटांमुळे बोलतात. पण त्यांच्या लेखणीतून गेलेल्या हिंदी गाण्यांची यादी कोणी केली? अँथनी गोन्साल्विस यांचे नाव प्यारेलालजींनी १९७७ साली आपल्या गुरूची आठवण म्हणून एका गाण्यात घातले, आणि सगळा देश ते नाव गाऊ लागला. पण १९५८ साली याच माणसाने मुंबईत भारतीय आणि पाश्चात्त्य वाद्यांचा एक सिंफनी वाद्यवृंद उभा केला होता, राग घेऊन त्यांचे लेखन केले होते, हे त्या गाण्यावर नाचणाऱ्यांना कुठे ठाऊक असते? नाव गाजले, माणूस अज्ञात राहिला. न्यूझीलंडमधले अभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी मुंबईच्या स्टुडिओतल्या वादकांच्या मुलाखती घेऊन २००८ साली पुस्तक काढले. मागच्या रांगेला इतक्या विस्ताराने बोलते करणारे ते पहिले पुस्तक, आणि ते इंग्रजीत आहे.

आत्तापर्यंतचे बोलणे एका वाक्यात बांधून ठेवतो आणि मग आक्षेपांकडे जातो: मुंबईच्या बिग बँडची तबकडी आपल्याकडे आहे, तिचे चरित्र नाही, आणि तबकडी व चरित्र एकमेकांशेजारी ठेवल्याशिवाय दोन्ही मुकी आहेत.

पहिला आक्षेप जॅझच्या बाजूने येतो, आणि तो वजनदार आहे. जॅझवाले म्हणतात, चित्रपटगीत जॅझ नव्हे. जॅझचा प्राण उत्स्फूर्त वादनात असतो. इथे सगळे लिहिलेले, तीनसव्वातीन मिनिटांत कोंबलेले, आणि मध्ये गायकाचा आवाज. मी यातले अर्धे मान्य करतो. ‘शोला जो भडके’ला जॅझ म्हणण्याचा माझा आग्रह नाही. पण बिग बँड आणि उत्स्फूर्तता यांचे नाते समजते तितके सरळ नाही. एलिंग्टन, बेसी, गुडमन यांच्या तबकड्यांचा फार मोठा भाग लिहिलेला किंवा आधी बसवलेला होता. एकल वादकाला आठ किंवा सोळा मात्रागटांची खिडकी मिळे. शिवाय त्यांच्याही तबकड्या दहा इंची होत्या, त्याही तीन मिनिटांत संपत, आणि त्यांतल्या अनेकांवर गायक होता. तीन मिनिटांची सक्ती शिकागोला होती तशीच ताडदेवला. दोन कडव्यांमधल्या संगीतात जेव्हा क्लॅरिनेट आठ मात्रागट मोकळा सुटतो तेव्हा आपल्याला तीच खिडकी दिसते. हिशेबाने उरते ते हे: आपल्याकडे वादक खिडकीतून डोकावला, घरात राहिला नाही. ते नुकसान खरे आहे. फ्रँक फर्नांडसारख्यांना त्याची टोचणी होती, म्हणून तर त्यांनी हिंदुस्थानी जॅझचे स्वप्न पाहिले. पण ज्या कलेचे नुकसान झाले असे आपण म्हणतो, ती कला तिथे होती हे त्या म्हणण्यातच कबूल केलेले असते.

दुसरा आक्षेप चित्रपटसंगीताच्या बाजूचा, आणि त्यात दुखावलेपण आहे. संयोजकाचे, वादकाचे नाव पुढे आणले की संगीतकाराचे श्रेय कमी होते. लोक म्हणतील, चाल गुणगुणणारा एक आणि काम करणारे दुसरेच. शिवाय अण्णांच्या ‘समाधी’तल्या १९५० च्या गाण्यामागे एक अमेरिकन चाल होती हे सगळ्यांना माहीतच आहे, आधीच उसनवारीचा बोलबाला, त्यात तुम्ही ही भर घालणार? मला वाटते हा आक्षेप श्रेयाला घरातल्या दागिन्यांसारखे समजतो, एकाला दिले की दुसऱ्याच्या वाट्याचे गेले. एलिंग्टनकडे पाहा. त्याच्या स्वरलेखनाच्या कागदांवर अनेकदा वाद्याचे नाव नसे, वादकाचे असे. ‘पहिला अल्टो’ नव्हे, जॉनी हॉजेस. तो सॅक्सोफोनसाठी लिहीत नव्हता, त्या माणसाच्या श्वासासाठी लिहीत होता. स्ट्रेहॉर्नचा वाटा उघड झाल्यावर एलिंग्टन लहान झाला नाही. कोणाला कुठे बसवावे हे जाणणारा म्हणून तो मोठाच ठरला. अण्णांनाही हेच लागू आहे. विनायकबुवांचा शिष्य हळदोण्याच्या ट्रम्पेटवादकाला साहाय्यक करतो, शास्त्रीय तालमीचा माणूस त्या परक्या आवाजात आपल्या चालीचे हित ओळखतो, ही संगीतकाराचीच प्रतिभा आहे. गोव्याचे लिहिणार आणि बाकीचे गुणगुणणार, अशी जी सोपी गोष्ट सांगितली जाते तीही मी मान्य करत नाही. चाल बांधणे हे लेखनाहून हलके काम नाही.

आणि परकेपणाचे म्हणाल, तर या भूमीत ते बोलणे शोभत नाही. तंजावरच्या सरफोजीराजांनी, १७९८ ते १८३२ या काळात राज्यावर असलेल्या मराठी राजाने, दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचा बँड ठेवला होता. त्या संगीताचे कागद सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. म्हणजे ताजमहाल हॉटेलाच्या कितीतरी आधी, मराठी बोलणाऱ्या एका घराण्याने तमिळ मुलखात पाश्चात्त्य सुरावटीला आसन दिले होते.

तिसरा आक्षेप सगळ्यांत महत्त्वाचा. रसिकांच्या आठवणी आणि मते यांच्यावर विश्वास किती ठेवायचा? हौशी माणूस आवडत्या वादकाला न वाजवलेले तुकडेही बहाल करतो. ऐकीव गोष्ट तीन तोंडांतून गेली की इतिहास बनते. हे खरे आहे. पण यावर उपाय मत गप्प करण्याचा नसून मत लिहून ठेवण्याचा आहे, कारण लिहिलेले मत तपासता येते. १९५२ साली मुंबईत निरंजन झवेरी आणि त्यांच्या मित्रांनी ‘ब्लू रिदम’ नावाचे जॅझचे मासिक काढले. ते थोड्याच काळात बंद पडले, पण त्या काळचे रसिक काय ऐकत होते हे त्यामुळे आज सांगता येते. याच झवेरींच्या धडपडीतून १९७८ साली ‘जॅझ यात्रा’ उभी राहिली, आणि १९८० मध्ये तिथेच कद्री गोपालनाथ यांचा कर्नाटकी सॅक्सोफोन ऐकून अमेरिकेचा जॉन हँडी थक्क झाला. कानपूरचे हरमंदिर सिंग ‘हमराज’ यांनी हिंदी चित्रपट गीतकोशाचे खंड काढले: चित्रपट, गीतकार, गायक, तबकडीचा क्रमांक, सगळे रकाने भरलेले. एका रसिकाच्या चिकाटीचे ते स्मारक आहे. पण त्यात वादकाचा रकाना नाही, कारण भरायला माहितीच नव्हती. तो रकाना पाडण्याचे आणि भरण्याचे काम पुढच्या रसिकांचे. नियम साधे असावेत. जे कानाने ओळखले ते ‘कानाने’ असे लिहा. जे वादकाने सांगितले ते त्याच्या नावाने लिहा. जिथे दोन मते पडतात तिथे दोन्ही लिहा, मिटवू नका.

हे एकट्यादुकट्याने होते का? इथून जवळच तरमणीत रोजा मुत्तय्या ग्रंथालय आहे. ते कोणी उभे केले? कोट्टैयूर गावात पाट्या रंगवून पोट भरणाऱ्या एका माणसाने, रद्दीत जाणारी तमिळ पुस्तके, मासिके, चित्रपटांच्या पुस्तिका आयुष्यभर जमवून. शिकागो विद्यापीठाने तो संग्रह घेतला, पण चेन्नईतच ठेवला, आणि आज तो अभ्यासकांना खुला आहे. ज्या शिकागोने वेदरफर्डचा पियानो जगाला दिला, त्याच शहरातल्या विद्यापीठाने हे केले, ही मला मोठी सुखाची गोष्ट वाटते.

मद्रासला या कथेत स्वतःची जागा आहे, आणि तुम्ही तिथे राहता. १९५८ साली डेव्ह ब्रूबेकची चौकडी मद्रासला आली आणि मृदंगविद्वान पळनी सुब्रमण्यम पिळ्ळै यांच्याबरोबर वाजवून गेली. त्याच वर्षी जेमिनी स्टुडिओच्या ‘वंजिकोट्टै वालिबन’मध्ये वैजयंतीमाला आणि पद्मिनी यांच्या नृत्याची जुगलबंदी आली, जी तमिळ घरांत आजही अभिमानाने दाखवली जाते. संगीतकार होते सी. रामचंद्र. तमिळ शेजाऱ्याला हे सांगून पाहा, त्याच्या चेहऱ्यावर आनंद दिसेल. मग त्याला विचारा, त्या गाण्यात वाजवले कोणी? उत्तर त्यालाही माहीत नसते. मुंबईच्या चाळीस-पन्नासच्या दशकातले वादक आता फारसे राहिले नाहीत. चिक चॉकलेट १९६७ मध्ये गेले, त्याच वर्षी स्ट्रेहॉर्न गेला. पण इळैयराजांच्या ‘अन्नक्किळी’पासून, म्हणजे १९७६ पासून, कोडंबाक्कम आणि वडपळनीच्या स्टुडिओंत लिहिलेला कागद पुढ्यात घेऊन वाजवलेले ट्रम्पेट, सॅक्सोफोन, व्हायोलिनवाले याच शहरात आहेत. त्यांचे वय झाले आहे, पण ते बोलतात, आणि पेरुंगुडीहून वडपळनी तासाभराच्या वाटेवर आहे. त्यांच्याकडे जाताना आवडत्या गाण्यांची यादी न्या. संगीतकार कसा होता, गायिका कशी होती, हे त्यांना सगळ्यांनीच विचारले आहे. तुम्ही त्यांना विचारा: त्या दिवशी कागद कोणी लिहून आणला होता, तुम्ही कितव्या खुर्चीवर होता, आणि तुमच्या डाव्या हाताला कोण बसले होते.